लिंब, पाच वड की लिंब, पाचवड? एका जुन्या मोटारीच्या छायाचित्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

मूळच्या साताऱ्याच्या आणि आता पुणे, मुंबई, बडोदे व परदेशात विखुरलेल्या एका कुटुंबाने आपल्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले, तेव्हा संपादन समितीत छायाचित्रांचे काम माझ्याकडे आले. ओळख उघड होऊ नये म्हणून व्यक्तींची नावे व काही घरगुती तपशील येथे दिलेले नाहीत. बाकी क्रम जसा घडला तसाच मांडला आहे.

पहिली आवृत्ती सुमारे तीस वर्षांपूर्वी निघाली होती. तिच्या सुरुवातीलाच पानभर आकाराचे एक छायाचित्र होते. एका मोठ्या झाडाखाली उभी असलेली कापडी टपाची मोटार, तिच्याजवळ पगडी व उपरणे घातलेले चार गृहस्थ, गाडीच्या पायरीवर बसलेला एक मुलगा आणि मागच्या आसनावर अर्धवट सावलीत दोन स्त्रिया. खाली मजकूर होता : ‘आमचे पणजोबा स्वतःच्या मोटारीसह, मालकापूर, इ. स. १९१०.’ पणजोबा साताऱ्यास वकिली करत. गावात पहिली मोटार त्यांनी आणली, असे घरात अभिमानाने सांगितले जाई आणि त्या सांगण्याला हे छायाचित्र हाच एकमेव आधार होता.

अडचण

दुसऱ्या आवृत्तीसाठी छायाचित्र स्कॅन करताना पहिली शंका एका चुलतभावाच्या मुलाने काढली. त्याला जुन्या गाड्यांचा नाद आहे. गाडी फोर्डची ‘मॉडेल टी’ आहे, हे त्याने पाहताक्षणी सांगितले. मॉडेल टीचे उत्पादन १९०८ मध्ये सुरू झाले आणि १९२७ पर्यंत चालले. त्या काळात दीड कोटीच्या घरात गाड्या तयार झाल्या. त्यामुळे १९१० हे साल वरवर पाहता अशक्य नव्हते. पण सुरुवातीच्या मॉडेल टीचे रेडिएटर पितळी असत आणि छायाचित्रात ते चकाकून उठून दिसते. आमच्या छायाचित्रातील रेडिएटरचे आवरण मडगार्डइतकेच काळे आहे. असे काळे आवरण १९१७ च्या नमुन्यापासून आले. दिवेही विजेचे आहेत, कार्बाइडचे नाहीत. म्हणजे गाडी १९१० ची असणे शक्य नव्हते, हे एवढ्यावरूनच ठरले.

दुसरी अडचण मागच्या मजकुराची होती. छायाचित्राच्या पाठीवर मोडी लिपीत दोन ओळी होत्या. मधल्या काळात कोणीतरी जपणुकीच्या सद्‌हेतूने ते छायाचित्र एका स्टुडिओतून लॅमिनेट करून आणले होते आणि तसे करताना उजवीकडची कड कापली गेली होती. पहिली ओळ ‘मालक’ या अक्षरांशी आणि दुसरी ‘शके १८’ या आकड्यांशी तुटत होती. शके १८०० ते १८९९ म्हणजे इ. स. १८७८ पासून १९७८ पर्यंतचे एक शतक, त्यामुळे त्या दोन अंकांवरून काहीच ठरत नव्हते.

पहिल्या आवृत्तीच्या संपादकांनी ही ओळ एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतली होती. त्यांचे टिपण जुन्या कागदांत सापडले : ‘लिंब, पाच वड, बावधन, (अवाच्य), मालकापूर.’ लिंब म्हणजे कडुलिंब आणि पाच वड म्हणजे वडाची पाच झाडे, असा अर्थ लावून छायाचित्रातले मोठे झाड हे त्यांतलेच एक, असे मानले गेले होते. बावधन हे पुण्याजवळचे धरले गेले, कारण संपादक पुण्याचे होते. तुटलेल्या ‘मालक’चे ‘मालकापूर’, म्हणजे मलकापूर, केले गेले, कारण कऱ्हाडजवळच्या मलकापुरात कुटुंबाचे नातेवाईक होते. मलकापूर नावाची गावे बुलढाणा जिल्ह्यातही आहेत आणि कोल्हापूर जिल्ह्यातही; त्यांचा विचार झाल्याची नोंद नाही.

त्या वाचकांनी अक्षरे चुकीची वाचली नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मोडीत आधी सबंध शिरोरेषा ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे एकापुढे एक लिहीत जातात. शब्द तोडण्याची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘लिंबपाचवडबावधन’ अशी अखंड ओळ समोर आली की ती कोठे तोडायची हे लिपी सांगत नाही, वाचणाऱ्याला माहीत असलेला मुलूख सांगतो. ज्याने सातारा ते वाई हा रस्ता पाहिलेला नाही, त्याला ‘लिंब’ हे झाडच दिसणार आणि ‘पाचवड’ची दोन पदे होणारच.

समोर असलेले पर्याय

समितीच्या बैठकीत चार मार्ग पुढे आले. पहिला, जुना मजकूर तसाच ठेवून केवळ साल गाळावे. दुसरा, छायाचित्रच वगळावे. तिसरा, लॅमिनेशन काढून कागद मोकळा करावा आणि कडेचे काही उरले आहे का ते पाहावे. चौथा, छायाचित्राची दुसरी प्रत कोणाकडे आहे का याचा शोध घ्यावा आणि तोपर्यंत छपाई थांबवावी.

पहिला मार्ग सर्वांत सोयीचा होता आणि बैठकीत त्याला बहुमतही होते. त्याला माझा विरोध होता, कारण एक गोष्ट चूक आहे हे कळल्यावर तिच्या शेजारची गोष्ट न तपासता पुन्हा छापणे म्हणजे चुकीवर दुसऱ्यांदा सही करणे होय. दुसऱ्या मार्गाचा आग्रह कोणीच धरला नाही. तिसऱ्या मार्गाबद्दल दोन जाणकारांचे मत घेतले. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक सोलताना छायाचित्राचा वरचा थर त्याबरोबर निघून येण्याचा धोका फार मोठा असतो, असे दोघांनीही सांगितले. शिवाय कापलेली कड कशानेही परत येणार नव्हती. म्हणून तो मार्ग सोडला आणि प्लास्टिकवरूनच, तिरपा प्रकाश टाकून, पुढच्या व मागच्या बाजूची शक्य तितकी स्पष्ट प्रतिमा घेतली.

चौथा मार्ग स्वीकारला गेला, पण दोन महिन्यांच्या मुदतीने.

काय केले

सर्व शाखांना पत्रे व संदेश पाठवले. येथे आमच्या हातून एक चूक झाली, जिचे महत्त्व नंतर कळले. आमच्याकडे पत्त्यांची जी यादी होती ती पहिल्या कुलवृत्तांताच्या वंशावळीवरून केलेली होती आणि त्या वंशावळीत लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या पुढच्या पिढ्या नव्हत्या. पहिले पाच आठवडे आम्ही केवळ मुलग्यांच्या शाखांत विचारत राहिलो आणि एकही उत्तर उपयोगाचे आले नाही.

वाट उघडली ती माझ्या आत्यांमुळे. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे आणि त्या पणजोबांच्या नात. पहिल्या आवृत्तीच्या वेळी त्यांना कोणी काही विचारले नव्हते. दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे जाणे झाले, तेव्हा छायाचित्राची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, ही बगाडाची गाडी. आपली नव्हती रे ती. आजी सांगायची, बगाडाला जायला चौघांनी मिळून ठरवली होती. आणि पुढं घाटात ती उलटी चढवावी लागली. हिचीच एक प्रत बडोद्याला आत्याबाईंना पाठवली होती, त्या येऊ शकल्या नव्हत्या म्हणून.”

या पाच वाक्यांतून चार धागे निघाले आणि चारही स्वतंत्रपणे तपासता येण्यासारखे होते.

पहिला धागा बगाडाचा. वाईजवळच्या बावधन गावी भैरवनाथाच्या यात्रेत रंगपंचमीला बगाड निघते. नवसाचा मानकरी, म्हणजे बगाड्या, उंच शिडाला, म्हणजे लांब लाकडाला, टांगलेला असतो आणि बैलांच्या जोड्या लावून ते बगाड गावाकडे ओढत आणतात. तेव्हा पाठीवरचे बावधन हे पुण्याजवळचे नसून वाईजवळचे असले पाहिजे. असे म्हटल्याबरोबर ओळीतील उरलेली नावे आपापल्या जागी बसली. साताऱ्याहून उत्तरेस निघाले की बारा मोटांच्या विहिरीसाठी प्रसिद्ध असलेले लिंब, मग पाचवड, तेथून वाईच्या रस्त्याला बावधन आणि वाई ओलांडली की घाटाच्या पायथ्याशी पसरणी. मागच्या वाचकांनी ‘अवाच्य’ म्हणून सोडलेला शब्द ‘पसरणी’ होता. अक्षरे स्वच्छ होती. केवळ त्या नावाचे गाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

दुसरा धागा घाटाचा. गाडी उलटी चढवली ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि ती मुलांना रमवण्यासाठी रचलेली आहे असेच धरून चाललो होतो. पण मॉडेल टीमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल पंपाने नव्हे, तर केवळ उतारामुळे इंजिनाकडे वाहत येई. टाकी कमी भरलेली असताना तीव्र चढावर इंजिन टाकीपेक्षा उंच होई आणि पेट्रोल पोहोचत नसे. अशा वेळी गाडी वळवून मागच्या गिअरमध्ये चढ चढणे हा त्या काळच्या चालकांचा सर्वमान्य उपाय होता. मागचा गिअर पुढच्या पहिल्या गिअरपेक्षा अधिक जोर देणारा होता, हाही त्याचा फायदा. वाईहून पाचगणीपर्यंत पसरणीच्या घाटात सुमारे ६०० मीटरची चढण आहे. आजीची गोष्ट खरी असण्यास आवश्यक ती सारी परिस्थिती तेथे होती. एखादी घरगुती आठवण यंत्राच्या रचनेशी इतकी तंतोतंत जुळलेली मी प्रथमच पाहिली आणि त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

तिसरा धागा बडोद्याचा. पणजोबांच्या मुलीच्या सासरच्या घराण्यातील तिसरी पिढी बडोद्यात आहे. दूरध्वनीवर विचारणा केली आणि आठ दिवसांत त्यांनी प्रतिमा पाठवली. तेच छायाचित्र, न कापलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. पाठीवर त्याच हातच्या दोन ओळी आणि वर मुलीला उद्देशून लिहिलेला आशीर्वादाचा मायना. पहिली ओळ पूर्ण होती : लिंब, पाचवड, बावधन, पसरणी, मालकमपेठ. दुसरी : फाल्गुन वद्य ५, शके १८४८.

मालकमपेठ हे नाव आजच्या पिढीला परके वाटते आणि समितीतील एका तरुण सदस्याने ते एखाद्या परदेशी गावाचे असावे असे सुचवलेही होते. ते आपले महाबळेश्वर होय. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२७ ते १८३० या आपल्या कारकिर्दीत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी बोलणी करून तेथे थंड हवेचे ठिकाण वसवले आणि बाजारपेठेला त्यांचे नाव मिळाले. कृष्णेचा उगम जेथे मानतात ते क्षेत्र महाबळेश्वर आणि ही पेठ या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. पणजोबांनी ‘मालकमपेठ’ लिहिले, त्यावरून ते क्षेत्री नव्हे, तर पेठेत उतरले असावेत, असा तर्क करता येतो. तर्कच, अधिक नाही.

तारखेच्या बाबतीत आमचा पाय पुन्हा घसरता घसरता राहिला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते, या सवयीने एका सदस्याने १९२६ असे लिहून टाकले. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, त्यानंतरच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १८४८ ची रंगपंचमी मार्च १९२७ च्या चौथ्या आठवड्यात येते.

चौथा धागा, गाडी ठरवलेली होती हा, सर्वांत नाजूक होता. घरी पणजोबांच्या रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या आहेत. त्या जाडजूड आहेत म्हणून पहिल्या आवृत्तीच्या वेळी कोणी उघडल्या नव्हत्या. तिथी हाताशी असल्याने नेमके पान काढणे सोपे गेले. फाल्गुन वद्य ६ च्या खर्चाच्या बाजूस ‘मोटारभाडे वाटणी’ अशी नोंद मिळाली. एका नोंदीवर विसंबायचे नाही म्हणून मागच्या-पुढच्या दोन वर्षांची पाने चाळली. पेट्रोल, टायर, चालकाचा पगार अशी एकही रक्कम कोठे नाही. टांग्याचे भाडे मात्र जागोजागी आहे.

निर्णयाचे कठीण ठिकाण

पुरावा हाती आला तेव्हा काम संपले असे वाटले होते, पण खरा पेच तेथून पुढे होता. पहिल्या आवृत्तीचे संपादक असलेले काका हयात आहेत आणि या आवृत्तीचा मोठा खर्चही त्यांनीच उचललेला आहे. त्यांना हे सारे वाचून दाखवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीस वर्षं आपण हेच सांगत आलो. आता लोकांना काय सांगायचं?”

त्यांचे दुःख मला कळत होते. मोटार ही त्यांच्या दृष्टीने संपत्तीची खूण नव्हती, वडिलांकडून ऐकलेल्या शब्दाची खूण होती. समितीतील काहींनी तडजोड सुचवली की ‘मोटारीसह’ एवढेच लिहावे आणि ‘स्वतःच्या’ हा शब्द न बोलता गाळावा. ती तडजोड आम्ही नाकारली. ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती आहे ते दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचतील आणि बदलाचे कारण न सांगितल्यास दोन्हींवरचा विश्वास जाईल, हे माझे म्हणणे होते. त्याच वेळी काकांचे श्रम खोडून काढल्यासारखेही होता कामा नये. शेवटी असे ठरले की छायाचित्राखाली निरीक्षण आणि अनुमान वेगळे मांडावे, जुने वाचन का झाले याचे कारण द्यावे आणि तो खुलासा स्वतः काकांनी लिहावा. दोन दिवसांनी त्यांनी तो लिहून दिला. आमच्यापैकी कोणालाही इतका नेटका लिहिता आला नसता.

निष्पत्ती

नव्या आवृत्तीत बडोद्याची प्रत छापली आहे. खालचा मजकूर असा आहे : ‘सातारा ते महाबळेश्वर प्रवासातील छायाचित्र, बावधनच्या यात्रेच्या निमित्ताने, फाल्गुन शके १८४८ (मार्च १९२७). मोटार फोर्ड मॉडेल टी, भाड्याने घेतलेली.’ छायाचित्र नेमके कोठे काढले हे लिहिलेले नाही, कारण पाठीवरची ओळ हा प्रवासाचा क्रम आहे, स्थळाचा पत्ता नाही. गाडीच्या निर्मितीचे वर्षही दिलेले नाही. हिंदुस्थानात येणाऱ्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या फोर्ड गाड्या बहुतेक कॅनडातील कारखान्यातून येत आणि तेथील बदल अमेरिकेतील बदलांशी वर्षाला वर्ष जुळतातच असे नाही. अमेरिकी तक्त्यांवरून आमच्या गाडीला एक नेमके साल चिकटवणे ही आणखी एक चूक ठरली असती. शिवाय गाडीचे साल आणि छायाचित्राचे साल ही दोन वेगळी उत्तरे आहेत. सुरुवातीच्या मसुद्यात आम्ही रेडिएटरवरून ‘१९१७’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात छायाचित्र त्यानंतर दहा वर्षांनी निघालेले होते.

वेगळे काय करता आले असते

छायाचित्राची मागची बाजू पहिल्याच आवृत्तीच्या वेळी, लॅमिनेशनच्या आधी, टिपून ठेवली असती तर हे प्रकरण उभेच राहिले नसते. कोणतेही जुने छायाचित्र स्टुडिओत देण्यापूर्वी दोन्ही बाजू कडांसकट स्कॅन कराव्यात आणि लॅमिनेशन तर करूच नये, असा नियम आम्ही आता सर्व शाखांना कळवला आहे.

मोडी वाचनासाठी लिपीच्या जाणकाराबरोबर त्या भागात हयात घालवलेला एखादा माणूस बसवायला हवा होता. आम्ही नंतर वाईच्या एका निवृत्त शिक्षकांना तीच तुटकी ओळ केवळ वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ‘पाचवड’ एका श्वासात म्हटले.

रोजकीर्द आधी उघडता आली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला. तिथी नसताना त्या वह्यांत एक नोंद शोधणे फार वेळखाऊ होते, म्हणून त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. आत्यांना न विचारण्याला मात्र असे कोणतेही कारण नव्हते. दोन महिन्यांतले पाच आठवडे ज्या यादीपायी गेले, ती यादीच अर्ध्या कुटुंबाची होती. छायाचित्राची चांगली प्रत मुलीच्या घरी होती, प्रवासाची हकीकत सुनेने नातीला सांगितलेली होती आणि ती नात आमच्याच घरच्या कार्यांना दरवर्षी येत होती. पहिल्या आवृत्तीच्या मजकुरात चार पुरुषांची नावे होती. मागच्या आसनावरच्या दोघींचा उल्लेखही नव्हता आणि आम्हीही गाडीचे रेडिएटर न्याहाळताना त्यांच्याकडे पाहिले नव्हते.

छापखान्यात जाण्यापूर्वी बडोद्याच्या प्रतीवरून घेतलेली मोठी प्रतिमा आत्यांना पुन्हा दाखवली. उजवीकडची त्यांची आजी, हे त्यांनी लगेच ओळखले. डावीकडच्या बाई म्हणजे पणजोबांची लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली बहीण. आमच्या वंशावळीत पणजोबांना तीन भाऊ आहेत आणि बहिणीचा रकानाच नाही. आत्यांना त्यांचे माहेरचे नाव आठवत होते, सासरचे आठवत नव्हते. ते एक नाव आम्ही पान ४१ वर, पणजोबांच्या शेजारी, घातले आहे.